संबंधानंतरच्या दुखण्याबद्दल, शुभाला

विश्रामबाग, सांगली

प्रिय शुभा,

परवा बोलता बोलता तू आवाज एकदम खाली आणलास, "संबंधानंतर ओटीपोट धरून पडावं लागतं गं" एवढंच म्हणालीस आणि जाऊबाई आल्या म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून जीव लागत नाही. साताऱ्याच्या तुझ्या भरल्या घरात फोनवर हे बोलणं व्हायचं नाही, म्हणून पत्र.

हे दुखणं मनाचं नाही. मला होतं. त्या वेळी थोडंसंच, पण नंतर पाळीसारखी कळ सुरू व्हायची आणि कंबरेतून मांड्यांत उतरायची. पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडायचे. ह्यांना वाटायचं, मी रुसले. दिवा लावून "काय चुकलं माझं?" विचारायचे, आणि मला तेव्हा धड बोलताही यायचं नाही.

सोनोग्राफीत ॲडेनोमायोसिस निघाला. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत शिरून वाढतं. पिशवी मोठी होते, हुळहुळी होते, पाळीत अंगावरून जास्त जातं. संबंधात खोलवर धक्का लागला की ती दुखावते. शिवाय सुखाच्या क्षणी पिशवी आकसते. एरवी ते जाणवतही नाही, पण अशा पिशवीला तेवढंही सोसत नाही. पाळी जवळ आली की त्रास वाढतो. फायब्रॉइडच्या गाठी किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढणं, असला तरी असंच दुखू शकतं, म्हणून माझं ऐकून मेडिकलमधून गोळ्या आणू नकोस. आतून करतात ती सोनोग्राफी करून घे. संबंधानंतर रक्त दिसत असेल, ताप असेल किंवा घाण वासाचं पांढरं जात असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांग.

आणि "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका" असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नकोस. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये केवढं गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांच्यातल्या कितीजणी दर हंगामात आपल्याच भागातल्या फडांत राबतात! मला त्याचा फार राग येतो. ऑपरेशन काहींना खरंच लागतं, त्याने सुटकाही होते. पण आधी दुखण्याच्या गोळ्या आहेत, डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी आहे, गर्भाशयात बसवायची हार्मोनची मिरेना आहे. मला मिरेनाने पुष्कळ उतार पडला. ऑपरेशनच ठरलं, तर अंडाशयं ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचार. पाळी जायच्या आधीच ती काढली तर हाडं ठिसूळ व्हायचा धोका वाढतो.

भाऊजींना सांग, शुभा. पाळीच्या आधीचे दिवस टाळायचे, खोली आणि वेग तुझ्या हातात राहील असं बघायचं, नंतर गरम पाण्याची पिशवी. एवढ्यानेही फरक पडतो. ते समजूतदार आहेत, त्यांना फक्त कळायला हवं.

पाळीच्या आणि दुखण्याच्या तारखा एका कागदावर लिहून ठेव. तिकडे एकटीने जायचा धीर होत नसेल तर माझ्याकडे ये, आपण मिळून मिरजेला दाखवू. घरी काय सांगायचं ते मी जाऊबाईंना फोन करून बघते.

तुझीच,
मंगल