रेडिएटर नवा टाकला, गाळ मात्र ब्लॉकमधेच

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की सगळ्याच पेपरात गाडी सांभाळा छापाचा मजकूर येतो, तुमच्याकडेही येतो, आणि त्यात कायम तेच ते, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) लेव्हल बघा, टायरची हवा बघा, गाडी सावलीत लावा. नव्या गाड्यांना ते ठीक आहे हो. पण नाशिकमधे अजून कितीतरी घरांत पद्मिनी आहे, अँबेसेडर आहे, ओझर-पिंपळगावकडे मळ्यात जुनी जीप आहे, आणि त्यांची लेव्हल बरोबरच असते, तरी कसारा घाट लागला की टेंपरेचरचा काटा वर. चैत्रात नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना बघा, वळणावर कोणीतरी बॉनेट उघडून उभा असतोच आणि घरचे लोक बाटल्या घेऊन पाणी शोधत असतात.

मला सांगायचंय ते एवढंच की अशी गाडी गरम झाली की आपल्याकडे पहिला नंबर रेडिएटरचा लागतो, आणि दोष पुष्कळदा असतो इंजिनच्या ब्लॉकमधे, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या ओतीव धडात. आमच्या पद्मिनीला एका गॅरेजने (नाव घेत नाही, माणूस वाईट नाहीये) आधी नवा रेडिएटर टाकला, मग वॉटर पंप, मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढूनच टाकला, आणि तरी गरम होतेय म्हटल्यावर म्हणाला काका आता वयच झालं तिचं. वय झालंय मान्य, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी पण २०२३ च्या ऑक्टोबरमधे कायमच्या गेल्या, पण वयाने इंजिन गरम होत नाही, पाणी जिथून फिरायचं तिथे चिखल बसला की होतं.

हे कसं होतं ते थोडं सांगतो. पंप असतो इंजिनच्या पुढच्या तोंडाला, तिथून पाणी सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळीत शिरतं, मागे जातं, हेडमधे (ब्लॉकवरच्या झाकणात) चढतं आणि थर्मोस्टॅटमधून रेडिएटरला. पंपापासून सगळ्यात लांब चौथा सिलिंडर, तिथे पाण्याचा जोर कमी, त्यामुळे जे काही जड असेल ते तिथे तळाला बसतं, आणि वर्षानुवर्षं बसून असं घट्ट होतं की नुसत्या पाण्याने हलत नाही. गंमत म्हणजे टेंपरेचरचा सेन्सर बहुतेक जुन्या गाड्यांत पुढे हेडवर नाहीतर थर्मोस्टॅटजवळ असतो, म्हणजे काटा मधोमध दाखवतोय आणि मागचा सिलिंडर आतून भाजतोय असंही होतं, मग एक दिवस मागच्या बाजूला हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली चकती, उडते आणि आपण गॅसकेटच्या कंपनीला शिव्या घालतो.

गाळ म्हणजे एकच गोष्ट नाही. ब्लॉक बिडाचा, त्यात साधं पाणी घातलं की गंज धरणारच, ती लाल-तपकिरी भुकटी. दुसरा चुना. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, ते तापलं की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुना सगळ्यात गरम जागी चिकटतो, घरातल्या गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ना अगदी तसं. वाफ उडून जाते, चुना आत राहतो, तुम्ही परत बाटलीभर बोअरचं पाणी घालता म्हणजे परत नवा चुना. बिडातून जेवढी उष्णता जाते त्याच्या विसाव्या हिश्शाइतकीही या थरातून धड जात नाही. आणि तिसरा प्रकार आपण स्वतः घातलेला. गळती थांबवायची पूड, आणि हो, हळद! रेडिएटर गळायला लागला की चमचाभर हळद टाकायची ही युक्ती कित्येक ड्रायव्हर सांगतात, गळती थांबते पण, फक्त ती हळद नंतर जाते कुठे हे कोणी विचारत नाही. फाउंड्रीत काम केलेल्यांना हेही माहीत असेल की ओतकामाची थोडी वाळू कारखान्यातूनच आत राहिलेली असते.

आता काढायचा कसा. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजलेले लोक मी बघितलेत. रेडिएटरमधलं पाणी खाली सोडायचं आणि ब्लॉकमधलंसुद्धा सोडायचं, हे दुसरं कोणी करतच नाही. बहुतेक जुन्या इंजिनांना ब्लॉकच्या बाजूला खाली ड्रेनचा नळ किंवा बोल्ट असतो, तो उघडला आणि काहीच आलं नाही तर समजायचं की पाणी नाही म्हणून नव्हे, भोकच गाळाने बुजलंय म्हणून येत नाहीये. तार घालून टोचायचं. आधी दोन थेंब, मग चॉकलेटी राड, मग एकदम धार.

मग रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) काढून तो बाजूला करायचा, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर ब्लॉकमधला गाळ सुटतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला. थर्मोस्टॅट काढून त्या तोंडातून बागेचा पाइप लावायचा, पाणी उलट्या दिशेने वरून खाली येऊ द्यायचं. रेडिएटरला वेगळं, त्याला खालून पाणी सोडून वरून काढायचं. कॉम्प्रेसरची हवा वापरणारे असतात, ब्लॉकला बेताने चालते पण रेडिएटरला पूर्ण प्रेशर दिलं तर शिवण फुटते.

एवढ्याने मागचा गाळ निघेलच असं नाही. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकून बसवलेल्या असतात, वेल्च प्लग, ओतकामाच्या वेळी वाळू काढायला ठेवलेली भोकं बुजवायला. खरं काम तिथे. मागचा प्लग एका कडेला पंचने मारला की तो आडवा फिरतो, मग पक्कडीने ओढायचा, आत पडू द्यायचा नाही. आमच्या गाडीचा काढला तर भोकातून पाणी आलंच नाही, समोर चिखलाची भिंत, बोट घातलं तर वर मऊ आणि आत कडक, खरवडल्यावर कवच्या निघत होत्या एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरट. जुन्या क्लच केबलची तार टोकाला वाकवून त्याने उकरायचं, पाणी मारायचं, परत उकरायचं. वेळखाऊ आणि घाण काम आहे, म्हणूनच गॅरेजवाले टाळतात, आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईकही तयार नसतं हेही खरं. नवे प्लग स्वस्त असतात, पितळी मिळाले तर तेच टाका, गंजत नाहीत.

प्लग आणि होज परत बसवले की चिकटलेल्या थरासाठी लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, काही तास ठेवायचं, गार झालं की काढून टाकायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, शेवटच्या आधीच्या पाण्यात थोडा खायचा सोडा. रात्रभर ठेवू नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा यांचं तर नावच नको, पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते खाऊन टाकतं. आणि एक, रेडिएटर जुनाच असेल तर कुठे कुठे गंजानेच भोक बुजवलेलं असतं, सफाई केल्यावर ते उघडं पडतं, त्यात लिंबूसत्वाचा दोष नाही.

सगळं जोडल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजमधे जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा बसवायचा, सुटा राहिलेला कचरा त्यात अडकतो. पण सुरुवातीला गावातल्या गावात फिरा आणि उघडून बघत राहा, तो भरला की पाणीच अडेल. नाका-नाक्यावर मिळणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ब्लॉकच्या पुढे आणि मागे धरून फरक बघा, कोरोनातलं कपाळावर धरायचं पिस्तूल मात्र इथे चालत नाही, ते बेचाळीसच्या पुढे जातच नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढून टाकला की गाडी थंड राहते हा समज पक्का बसलाय, पण मग डिसेंबरात सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त, झीज जास्त, आणि काही इंजिनांत तर बायपास (रेडिएटर टाळून पाणी फिरायची वाट) उघडा राहून रेडिएटरला उलट कमी पाणी जातं. कूलंटचं म्हणाल तर लोक म्हणतात आपल्याकडे कुठे बर्फ पडतो. बर्फासाठी नाहीच ते, गंज धरू नये म्हणून आहे. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, साधं पाणी इथे ९८ अंशालाच उकळतं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घातलं तर ते शंभरच्या वर जातं, आणि झाकणाचं रबर चांगलं असेल तर प्रेशरमुळे अजून वर. साधं हिरवं कूलंट असेल तर दोन वर्षांनी बदला. जुन्यात नवं ओतत राहू नका.

शेवटी एक मुद्दा जो गॅरेजवाल्यांसाठी आणि महापालिकेसाठी पण आहे. काढलेलं कूलंट सर्रास गटारीत जातं, गटारीतून नाल्यात, नासर्डीत, तिथून गोदावरीत, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करायची चर्चा रोज पेपरात आहे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. जळकं ऑइल गॅरेजवाले पिंपात साठवतात कारण ते विकलं जातं, कूलंटला कोणी विचारत नाही. ते गोळा करायला सातपूर-अंबडकडे एखादी जागा ठरवून दिली तर बरं होईल. आमच्याकडे कॅन भरून पडलेत, कुठे द्यायचे हे कोणाला माहीत असेल तर याच सदरात कळवा, मी आणून देईन.

आपला,
सातपूर कॉलनीतला एक वाचक, नाशिक