सल्ला आधी विचारा, उद्घाटनाला नंतर बोलवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांच्या सोयीसुविधांची कामं रखडतात याचं खापर आपल्या कालच्या अंकातल्या लेखात स्वयंसेवी सल्लागार समित्यांच्या डोक्यावर फोडलं आहे. वाचून संताप झाला. तो निवळेल म्हणून एक दिवस थांबले. निवळला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकाचं म्हणणं असं की समितीवरची मंडळी हौशी असतात, दर बैठकीला नवी सूचना काढतात, त्यापायी नकाशे बदलावे लागतात आणि खर्च वाढतो. तेव्हा त्यांना वर्षातून एकदा बोलावून मत ऐकून घ्यावं आणि बाकीचं तज्ज्ञांवर सोपवावं. मी अशाच एका समितीवर आहे. पोलिओमुळे लहानपणापासून चालता येत नाही, व्हीलचेअर वापरते. आमच्यामुळे बदललेला एक नकाशा लेखकाने मला दाखवावा. आमच्यासमोर नकाशा येतो तेव्हा निविदा निघालेली असते, कार्यारंभ आदेश दिलेला असतो आणि बहुतेक वेळा भिंती उभ्या राहिलेल्या असतात. त्या अवस्थेत आम्ही काहीही बोललो तरी ती अडचणच वाटणार.

एका सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह बांधायचं ठरलं, त्याचं सांगते. विषय समितीपुढे आला तेव्हा आम्ही लेखी सूचना दिल्या होत्या. दरवाजा बाहेर उघडणारा किंवा सरकता हवा, त्याची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. आत खुर्ची पूर्ण वळवता यावी म्हणून 1500 मिलिमीटर व्यासाची जागा मोकळी सोडावी. कमोडशेजारी खुर्ची लावायला जागा हवी आणि आधाराची दांडी अंगाचा भार पेलेल अशी पक्की बसवावी. यातलं काहीही आमच्या मनचं नाही. सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सगळं छापलेलं आहे. आम्ही फक्त वाचून दाखवलं, आणि त्यातली कुठली गोष्ट चुकली तर काय होतं ते अनुभवाने सांगितलं.

पुढे कित्येक महिने काहीच कळलं नाही. मग एक दिवस फोन आला, ‘ताई, उद्या उद्घाटन आहे, समितीने यायचं आहे.’ आम्ही गेलो. फीत लावलेली होती, पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, तोवर आत जाऊन पाहते. खुर्ची उंबऱ्याशी अडखळली, कारण बाहेरची फरशी आणि आतली फरशी यांच्यात दोन बोटांचा फरक. मागून कोणीतरी ढकललं तेव्हा आत गेले. दरवाजा आत उघडणारा होता. मी आत आणि माझी खुर्ची आत, म्हणजे दरवाजा लागायचा तर तो माझ्या पायांतून जायला हवा. खुर्ची फिरवून बघावी तर वॉश बेसिन इतकं पुढे आलेलं की गुडघे त्यावर आपटले. शेवटी समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरकले आणि हात मागे नेऊन दरवाजा लावून पाहिला. तो चाकाला लागून अर्ध्यावरच थांबला. कडी माझ्या हातापासून लांब, वरच्या बाजूला, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. आधाराच्या दांडीला हात लावला तर ती टाइलसकट हलली. टॉवेल टांगायची नळी होती ती, दोन स्क्रूंवर बसवलेली.

तिथल्या अभियंत्यांना मी हे सांगितलं. ते सज्जन गृहस्थ, उद्धट अजिबात बोलले नाहीत. म्हणाले, ‘नकाशात दरवाजा बाहेरच उघडतो, पण बाहेर उघडला तर जाण्यायेण्याच्या वाटेत येतो, म्हणून ठेकेदाराने फिरवला.’ मग मी वापरायचं कसं, असं विचारलं. त्यावर म्हणाले, ‘बरोबरच्या बाईंना दाराशी उभं राहायला सांगा ना.’ संपादक महोदय, मी नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. ज्या कामासाठी माणूस दार लावून घेतो, त्या कामाला मी दार उघडं ठेवून बसायचं आणि बाहेर कोणीतरी पदर धरून आडोसा करायचा, ही सोय झाली का? ही सोय माझ्यासाठी बांधली, माझ्या नावाने पैसे खर्च झाले, आणि मी ती एकदाही वापरू शकले नाही.

फीत कापली गेलीच. बिल त्याआधीच निघालेलं होतं. दार दुरुस्त करायचं तर नवं अंदाजपत्रक, नवी मंजुरी. आता तिथे झाडू आणि फिनेलचे कॅन ठेवलेले असतात आणि किल्ली रखवालदाराकडे असते. याला लेखक ‘खर्च वाढला’ म्हणत असतील तर वाढलाच. पण तो कोणी वाढवला, हे सांगायचं राहून गेलं आहे. आमची पानभर सूचना ठेकेदारापर्यंत पोचली असती तर एक पैसा जास्त लागला नसता. दरवाजा आत उघडो की बाहेर, बिजागऱ्या तेवढ्याच लागतात.

तज्ज्ञांना माझा विरोध मुळीच नाही. वास्तुरचनाकार हवेतच, अभियंतेही हवेत. पण उतार 1:12 हवा हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याहून उभ्या उतारावर पावसात स्वतःची खुर्ची हाताने चढवणं वेगळं. फूटभर चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो; जागा वाचवायला तो सहा फुटांत बसवला की कागदावर रॅम्प असतो आणि माझ्यासाठी ती घसरगुंडी होते. आमच्या समितीतल्या एका दृष्टिहीन सभासदांनी फुटपाथवर पाय घासून क्षणात सांगितलं होतं की इथे ठिपक्यांची फरशी चुकीच्या जागी आहे. रेघांची फरशी म्हणजे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. तिथे सरळ मोकळ्या वाटेवर ठिपके होते आणि रस्ता ओलांडायच्या जागी रेघा. बसवणाऱ्यांना दोन्ही सारखीच पिवळी दिसली असणार. हे ज्ञान फुकट मिळत असताना ते नाकारायचं कशाला?

आणि हे आमच्यावर उपकार म्हणून नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने 2007 साली मान्य केला. आमच्याविषयीचे निर्णय घेताना आमच्याशी सल्लामसलत करावी, आम्हाला सहभागी करून घ्यावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात केंद्राला आणि राज्याला सल्लागार मंडळं नेमायला सांगितली, त्यावर दिव्यांग सभासद घ्यायला सांगितले, सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायला सांगितली. जिल्हा पातळीवरही समिती सांगितली. वर्षातून एकदा बोलवा म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा उघडून बघावा. त्याच कायद्यात असंही आहे की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा रचनेचे, नियम पाळले नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम 2017 च्या जूनमध्ये निघाले, मुदत 2022 मध्ये संपली. तेव्हा कोणत्या समितीने हात धरले होते?

दृष्टिबाधित असलेले राजीव रतुरी 2005 साली याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेच्या नियमांना नुसत्या शिफारशींचं रूप देणं कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक नियम करा, आणि ते करताना संबंधितांशी सल्लामसलत करा. म्हणजे सर्वोच्च न्यायालयालाही आमचं मत आवश्यक वाटतं.

आमच्या समितीत दोष नाहीत असं नाही. पण ते लेखकाला दिसले त्यापेक्षा वेगळे आहेत. आमच्यात एक कर्णबधिर मुलगी आहे, अतिशय हुशार. तिच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी कधीच बोलावला जात नाही, तरतूद नाही म्हणतात. ती बैठकीला येते, सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसते, आणि दोन माणसं एकदम बोलायला लागली की तिचा धागा सुटतो. शेवटी हजेरीपत्रकावर तिची सही घेतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असं येतं. तिचं मत कोणी विचारलं? मागे एकदा तिने स्वतःच्या पैशाने दुभाषी आणला. त्या दिवशी ती जे बोलली ते ऐकून सगळे गप्प झाले. दवाखान्यात नंबर नुसता पुकारतात, फलकावर दाखवत नाहीत, त्यामुळे तिच्या आईचा नंबर दोनदा निघून गेला होता. ही गोष्ट आम्हा बाकीच्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. दृष्टिहीन सभासदाला विषयपत्रिका छापील कागदावर मिळते, गतिमंद मुलांच्या पालकांना मुलाला सांभाळायची सोय नसल्याने येताच येत नाही, आणि रिक्षाचं भाडं ज्याने त्याने आपल्या खिशातून भरायचं. एवढं करून लोक येतात. त्यांना हौशी म्हणताना लेखकाची लेखणी थोडी तरी अडखळायला हवी होती.

जाता जाता आपल्या दैनिकाविषयीही बोलते, कारण राग निम्मा त्याचाच आहे. वर सांगितलेल्या त्याच उद्घाटनाचा फोटो आपण छापला होता. त्यात मी पुढे आहे, हातात गुलाबाचं फूल. खाली ओळ होती, दिव्यांगांची गैरसोय दूर झाली. आपल्या वार्ताहराला मी तिथेच दार दाखवलं होतं, त्यांनी हसून मान डोलावली होती. दर 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आपण आमच्यातल्या कुणाच्या तरी जिद्दीवर अर्धं पान देता, त्याबद्दल आभार. पण त्या माणसाला घरातून बाहेर पडून आपल्या कार्यालयात यायचं झालं तर पायऱ्या किती आहेत, ते एकदा पाहा. आणि आपल्या ई-पेपरची पानं नुसत्या चित्राच्या रूपात असतात, दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. ज्या सभासदांबद्दल कालचा लेख लिहिला, त्यांच्यातल्या दोघांना तो मी फोनवर वाचून दाखवला.

माझं मागणं फार नाही. काम ठरताच, अंदाजपत्रक होण्याच्या आधी, समितीला नकाशा दाखवा. प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या. नाकारायची असेल तर खुशाल नाकारा, पण कारण लिहा आणि खाली सही करा. ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी आमच्यापैकी कोणीतरी ती सोय प्रत्यक्ष वापरून पाहील आणि तसं लिहून देईल, अशी अट घाला. दुभाष्याचा आणि प्रवासाचा खर्च समितीच्या नावाने मंजूर करा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. दुभाष्याला त्यातून पैसे देता येत नाहीत म्हणणाऱ्यांनी तो नियम दाखवावा.

समितीच्या सूचनांचं पत्र, त्यावरचा पोच शिक्का आणि त्यानंतरच्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. कोणती सूचना कधी दिली आणि काम कधी सुरू झालं, याच्या तारखा त्यात आहेत. उशीर समित्यांमुळे होतो हे विधान आपल्या लेखकांनी त्या तारखांशी ताडून पाहावं आणि चूक आढळली तर ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करावी.

आपली नियमित वाचक,
सल्लागार समितीची एक सभासद
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)