गणपतीची शाळा आणि तुझी शाळा

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल मी म्हणालो, इंग्लंडमधली शाळा बुडवून यंदा तुला गणपतीला गावी, कुडाळला नेणार नाही. तू दार आपटून वर गेलीस आणि मी खाली गप्प बसून राहिलो. समोरासमोर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. कुठे अडलीस तर आईला विचार.

तू म्हणालीस, "इयर फाइव्हमध्ये चाललं, मग आता का नाही?" तेव्हाही चाललं नव्हतं गं, आम्ही चालवून घेतलं होतं.

२०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तुझी शाळा नुकतीच उघडली होती आणि आपण कुडाळला. शाळेला कळवलं, सईला ताप आहे. सोमवारी शाळेचा फोन आला. आपण परदेशात असलो की फोन करणाऱ्याला रिंगसुद्धा वेगळी ऐकू येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडवीत पोरं झांजा बडवत होती. मी म्हणालो, "अजून ताप उतरला नाही," आणि मागून तूच "मोरया!" म्हणून ओरडलीस.

मग दंडाचं पत्र आलं. माझे ८० पौंड, आईचे ८०, आणि २१ दिवसांत न भरल्यास दुप्पट. भरले. ते मी विसरलोही असतो. पण परत आल्यावर फाटकापाशी तुझ्या बाईंनी विचारलं, आता बरी आहेस ना? तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग "येस" म्हणालीस. नऊ वर्षांच्या पोरीला मी माझं खोटं सांभाळायला दिलं होतं.

यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. सण म्हणून एका दिवसाची रजा रीतसर मागता येते, पण एका दिवसात कुडाळ होत नाही. पाच शाळेचे दिवस विनापरवानगी बुडले की दंडाची वेळ येते, आणि तीन वर्षांत दुसऱ्यांदा म्हणजे प्रत्येकी थेट १६० पौंड. स्पेनच्या समुद्रावर लोळायला गेलं काय आणि आपल्या गणपतीवर सजवून टांगलेल्या माटवीखाली बसलं काय, हजेरीपटावर खूण एकच. याचा मला राग येतो, अजूनही. मी कुडाळला शिकत होतो तेव्हा गणपतीत शाळाच बंद असायची, त्यामुळे हा पेच मला कधी पडलाच नाही.

खरं सांगू? दोन दिवस मी ३२० पौंडांचाच हिशेब करत होतो. तिकिटांच्या मानाने ते काहीच नाहीत. पण यंदा तुझी शाळा बदलतेय, आणि तुझ्या जुन्या वर्गातली एकही मुलगी त्या नव्या शाळेत नाही. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाशेजारी बसतं, हे पहिल्या पंधरवड्यातच ठरतं. तू तिसऱ्या आठवड्यात उगवलीस तर सगळ्या जागा भरलेल्या असतील. तो दंड तुला भरावा लागेल, मला नाही.

म्हणून मी एकटा जातोय. आजीने फोनवर विचारलं, "चेडवाक घेऊन येतलस मां?" म्हणजे पोरीला घेऊन येणार ना? नाही म्हटल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नाताळात तरी हाड," म्हणजे आण. तेव्हा तिघंही जाऊ. जत्रांचे दिवस असतील, रात्रभर दशावतार बघू. त्याने गणपतीची भरपाई होते, असं मात्र मी म्हणणार नाही.

मूर्ती आणायला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, गेलो होतो तेव्हा तू मूर्तिकारांना विचारलं होतंस, "या शाळेची टर्म कधी सुरू होते?" ते अजून हसतात. नागपंचमीच्या आसपास घरोघरचे मूर्तीसाठीचे पाट तिथे पोचतात तेव्हा, हे तेव्हा सांगायचं राहिलं. आपला पाट काकाने नेऊन दिलाय.

तिथे दुपारी बाराला आरती, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेसात. तुझी बस आठला दहा कमी असताना. फोन लावेन, 'घालीन लोटांगण' होईपर्यंत ठेवू नकोस. आणि टाय नीट बांधून बस, आजी बघणार आहे.

तुझा,
बाबा