लग्नातलं उरलेलं अन्न गाईला घालू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

लग्नसराई सुरू झालीय म्हणून मुद्दाम लिहितोय. मागच्या वर्षी आमच्या वस्तीजवळच्या एका लग्नातला उरलेला भात आणि पुऱ्या कुणीतरी रात्री आमच्या गव्हाणीत ओतून गेलं, चांगली दोन घमेली. वाईट हेतू नव्हता हो, अन्न वाया जाण्यापेक्षा गाईच्या तोंडी लागलेलं बरं, वर पुण्य, असंच आपल्याकडं सगळ्यांना वाटतं. सकाळी बघतो तर आमची दिवसाला 18 लिटर देणारी एचएफ (होल्स्टीन, संकरित-विदेशी जातीची) गाय बसलेली, उठेना, रवंथ बंद, दात खातेय, डावी कूस फुगलेली आणि शेण पाण्यासारखं, आंबट वासाचं. डॉक्टरांनी शिरेतून सलाईन लावलं, सोडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच दुसऱ्या धडधाकट गाईच्या पोटातलं पाणी नळीने काढून हिच्या पोटात सोडलं.

ते का केलं हे त्यांनी नंतर सांगितलं आणि 20 वर्षं गाया सांभाळून आपल्याला हे माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटलं. गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा आधी जिथं जातो ते मोठं पोट, 100 ते 150 लिटरची टाकीच, तिच्यात अब्जावधी जिवाणू असतात, कडबा, घास, मुरघास आधी ते खातात, आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर गाईची जवळजवळ 70 टक्के ऊर्जा चालते, आणि हेच जिवाणू पुढं वाहून जाऊन पचले की तिला प्रोटीन मिळतं. आता एकदम ढीगभर भात, पोळ्या किंवा धान्य पोटात गेलं की स्टार्च झटपट खाणारे जिवाणू भराभर वाढतात, लॅक्टिक ॲसिड सुटतं, एरवी 6 ते 7 असणारा सामू (पीएच, कमी झाला की आंबटपणा वाढला) 5 च्या खाली येतो आणि चारा पचवणारे जिवाणू मरतात, म्हणून तर दुसऱ्या गाईचे जिवाणू आणून सोडावे लागले. जास्त खाल्लं असेल तर गाय एक-दोन दिवसांत दगावते. पोळ्याला लाडाने पुरणपोळ्या चारतात तेव्हा बैलांचंही हेच होतं.

आणि हे फक्त लग्नापुरतं नाही. दूध वाढावं म्हणून मका भरडा आणि गोळी पेंड वाढवायची, कडबा कमी, तोही बारीक कुट्टी करून, मग रवंथ कमी, लाळ कमी (एरवी दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ गिळते गाय, तिच्यातल्या सोड्यानेच आम्ल मरतं) आणि दुधातली फॅट घसरते. फॅट 3.5 च्या खाली गेली की दर कापला जातो आणि आपण डेअरीच्या फॅट मोजायच्या मशीनवर संशय घेतो. मशीनही चुकत असेल कधी, पण आधी गव्हाण बघा, निम्म्या गाया बसून रवंथ करतायत का बघा. खुराक बदलायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू बदला, जिवाणूंना सवय लागायला तेवढा वेळ लागतो.

दूध संघांनी फॅटच्या पावतीमागे एवढं जरी छापलं तरी खूप होईल. गोग्रासाची एक पोळी खुशाल द्या, त्याने काही होत नाही, घमेलं ओतू नका.

आमची गाय वाचली, पण त्या वेतात 9 लिटरच्या वर गेली नाही आणि खुरं खराब होऊन आता लंगडते. येत्या रविवारी गावात तीन लग्नं आहेत, तिन्ही घरी आणि आचाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलोय.

आपला,
एक दूध उत्पादक, राहुरी तालुका