कुत्रा नव्हे, मुंगूस

स. न. वि. वि.

रेबीज म्हटलं की बोट भटक्या कुत्र्याकडे जातं. ते चूक नाही. आपल्याकडे माणसाला हा रोग बहुतेक कुत्र्याकडूनच होतो. पण माझी ३१ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून मला गोठा आधी आठवतो.

गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याला ओळखीच्या गवळ्याच्या गाईनं चारा सोडला. लाळेच्या तारा, घोगरं हंबरणं. आधी लाळखुरकूत वाटली, मग घशात काही अडकलंय म्हणून त्यानं कोपरापर्यंत हात घातला. कडवळ कापून कापून बोटं चिरलेली! मी पोचलो तर गाय भिंतीला टकरा देत होती. चौथ्या दिवशी गेली. खोदून विचारलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "दीड महिन्यामागं भर दुपारी मुंगूस तिच्या नाकपुडीला डसलं होतं. पण ज्याला सापाचं विष बाधत नाही, ते कशाला पिसाळतंय?"

विष पचवणं वेगळं, रेबीजपासून वाचणं वेगळं. उसातले उंदीर मारायला १९व्या शतकात आपल्याकडचं मुंगूस वेस्ट इंडीजच्या बेटांवर नेलं. आज तिथल्या पोर्तो रिको बेटावर रेबीज पसरवण्यात तेच पुढे आहे. ग्रेनाडा बेटावर काही मुंगसांच्या रक्तात रेबीजशी लढणारी प्रतिपिंडं सापडली, म्हणजे एखादं वाचतंही. पण ते तोंडावर लिहिलेलं नसतं. माणसाला न बुजता अंगावर येणारं रानातलं जनावर पिसाळलेलंच धरावं. गाईला त्याच दिवशी जखम धुऊन लस टोचायला घेतली असती, तर कदाचित वाचली असती.

गवळ्याला १५ मिनिटं साबणानं हात धुवायला लावून मी एका दवाखान्यात नेलं. खिडकीवरचा पहिला प्रश्न, "कुत्रा कुठे चावला?" चावलंच नाही, गाईची लाळ चिरांना लागली, म्हटल्यावर तिथली मंडळी हसली. चिरलेल्या कातडीला लाळ लागणं हे चावण्याइतकंच, लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागतं, हे मला हुज्जत घालून सांगावं लागलं. दोन तास गेले. (दूध उकळून प्यायलेल्यांना काही लागत नाही, तरी अख्खी आळी रांगेत!) पाचही सुया वेळेवर झाल्या, गडी ठणठणीत आहे.

माझी मागणी छोटी आहे. केसपेपरवर 'कुत्रा' छापण्याऐवजी 'कोणतं जनावर, चावलं की लाळ लागली' एवढं विचारावं. आणि २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, लसीकरणाचं शिबिर लागलं तर धायरी-खडकवासल्याच्या गोठ्यांकडेही गाडी वळवावी. वाट दाखवायला मी येईन.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, धायरी, पुणे