जिन्यातलं नेट

पंचवटी, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्री जेवणं झाल्यावर तू म्हणालीस, "नेट सगळ्यांना फुकट द्यायचं तर त्याचे पैसे कुणीतरी भरायलाच लागणार. आणि फुकटाची माणसाला किंमत नसते, आई." मामाने मान डोलावली, विषय बदलला आणि मी ताटं उचलून आत गेले. उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. पण त्यात एक गोष्ट अशी होती, की ती पाहुण्यांसमोर सांगवत नव्हती. तुलाही गेली पाच वर्षं सांगितलेली नाही. म्हणून हे पत्र.

आधी आपल्या ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानातलं सांगते. मागच्या मंगळवारी पेठकडून एक बाई आली. पहाटेच्या एसटीने निघालेली, तान्हं मूल कडेवर. लाडकी बहीणची केवायसी राहिली होती. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पैसे बुडाले असं धरूनच आली होती. मी आधार नंबर टाकला, ओटीपी मागवला. येईना. पुन्हा मागवला. फोन हातात घेऊन पाहिला तर रिचार्ज संपून दीड महिना झालेला. तोंडातून सवयीने निघून गेलं, "माझं वायफाय घ्या." आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं, की ओटीपी वायफायवर येत नाही. तो सिमवर येतो, आणि सिम बंद पडलेलं. तिच्याकडे परतीच्या अर्ध्या तिकिटाचे आणि बाळाच्या औषधाचे पैसे होते. शेवटी मीच सर्वांत कमी पैशांचा पॅक मारला. जाताना तिने पिशवीतून नागलीचं पीठ काढून काउंटरवर ठेवलं. नको म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं. घरी आहे ते, पुढच्या खेपेला तुला भाकरी करून घालते.

तू कंपनीत बसून जगातल्या दरांचा तक्ता बघतेस. भारतात डेटा स्वस्त आहे हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण स्वस्त म्हणजे कुणाला? जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा, २८ दिवसांचा २३९ चा पॅक २९९ चा झाला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. म्हणजे दिवसभर माती उपसली तरी एका सिमच्या एका पॅकला दोन रुपये कमी. आणि २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १३ वेळा रिचार्ज, ३८८७ रुपये. घरात दोन सिम असली तर हिशेब तूच कर, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्यांनी नेट वापरू नये म्हणावं, तर तशी सोय ठेवलीय कुठे? शेतकऱ्याने पिकाची नोंद करायची ती ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर. पोराची शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. अकरावीचा प्रवेश यंदापासून राज्यभर ऑनलाइन. रेशनकार्डाची केवायसी, सातबारा, परीक्षेचं हॉलतिकीट, सगळं तिथेच. ह्यात चैनीचं एक तरी आहे का? पूर्वी तलाठ्याच्या दारात चार चकरा माराव्या लागत, ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही, लोकांनी तिथेही फार सोसलं आहे. पण त्या दारापर्यंत पायी जाता येत होतं. आता दार हलवून फोनमध्ये बसवलंय आणि फोनपर्यंतच्या रस्त्यावर नाका आहे. सरकारने दार हलवलं असेल तर नाकाही सरकारनेच उचलावा. माझं म्हणणं एवढंच आहे.

सगळ्यांना सगळं अमर्याद फुकट द्या असं मी म्हणत नाही. रात्रभर सिनेमे बघायचे त्याने पैसे भरावेत. पण प्रत्येक सिमला दर महिन्याला ठरावीक डेटा, येणारे मेसेज आणि कॉल कधीही बंद न होणं, हे प्रत्येकाला मिळालं पाहिजे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, म्हणून कुणी दुकानातून बासमती घ्यायचं थांबलेलं नाही.

पैसे कुणी भरायचे, हा तुझा खरा प्रश्न. तो जुना आहे. गोखल्यांनी १९११ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला. पैसा कुठून आणणार, शेतमजुराच्या पोराला शाळा कशाला. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. आणि पाच वर्षांत, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात तेच करून दाखवलं. देशभराचा शिक्षणहक्क कायदा अमलात यायला मात्र २०१० साल उजाडलं. पैसा नव्हता म्हणून शंभर वर्षं लागली असं मला वाटत नाही.

नेटच्या बाबतीत तर पेटी आधीच तयार आहे. तुझ्याच क्षेत्रातली गोष्ट, मी तुला काय सांगणार. टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के २००२ पासून सार्वत्रिक सेवेच्या निधीत जातात, खेड्यापाड्यांत फोन पोचावा म्हणून. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. जमा झालेला पैसा कित्येक वर्षं पुरता खर्चच झालेला नाही. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाही ह्याच पेटीतून पैसा. पण तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत पोचली म्हणजे शेवटच्या पाड्यावरच्या झोपडीत पोचली असं होत नाही. त्या पेटीतून गरिबाच्या सिमचा किमान खर्च निघू शकतो की नाही, हे तू बसून मांडून बघ. निघत नाही असं आकड्यांनी दाखवलंस तर मी ऐकेन.

केरळने करून पाहिलं. जून २०२३ मध्ये तिथे सरकारने स्वतःचं फायबरचं जाळं सुरू केलं, वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी द्यायची म्हणून. काम ठरल्यापेक्षा फार सावकाश चाललंय हे मला माहीत आहे, तू ते म्हणणारच. पण सावकाश का होईना, सरकारने ही आपली जबाबदारी आहे असं म्हटलं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळचेच खासदार व्ही. शिवदासन यांनी राज्यसभेत मोफत इंटरनेटच्या हक्काचं खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयकं बहुधा तशीच पडून राहतात. गोखल्यांचं तर पाडलंच होतं.

न्यायालयांचंही वाचलं मी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की नेटवरून बोलायचं आणि धंदा करायचं स्वातंत्र्य घटनेने जपलेलं आहे. त्याच्या आधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहाने फोन वापरू दिला नाही म्हणून लढलेल्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला आणि नेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे कुणी तोडू नये, अडवू नये, एवढं ठरलं. पण ज्याच्याकडे मुळात पोचलंच नाही त्याचं काय, ते अजून ठरायचं आहे.

आता फुकटाच्या किमतीचं. तुझे आजोबा सातपूरच्या कारखान्यात लागले त्याआधी दोन वर्षं बेकार होते. पेपर विकत घ्यायची ऐपत नव्हती. रोज सकाळी सार्वजनिक वाचनालयात जायचे. १८४० सालचं आहे ते, नाशिककरांनी कसं जपलंय ते तू पाहिलं आहेस. तिथे उभ्याने पेपर वाचायचे आणि नोकरीच्या जाहिराती वहीत उतरवून आणायचे. वर्गणी भरलेली नाही म्हणून त्यांना कुणी उठवलं नाही. ह्याला आपल्याकडे केवढा सुंदर शब्द आहे बघ, मुक्तद्वार. त्यांना त्या पेपराची किंमत नव्हती असं तू म्हणशील का? वाचून झाल्यावर ते पेपराची घडी जशी होती तशी घालून ठेवायचे. घरी विकत पेपर यायला लागला तरी ती सवय गेली नाही. माझ्या हातून पेपर चुरगळला की रागवायचे.

मोफत म्हणजे कसलं मोफत, हे मात्र बघावं लागतं. ते मी तुझ्याकडूनच शिकले. तू बारावीत होतीस, २०१५ चा एप्रिल. प्रवेश परीक्षेचा अभ्यास टाकून तू ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, नेटवर भेदभाव नको म्हणून मेल लिहीत बसली होतीस आणि मी ओरडले होते. देशातून दहा लाखांवर मेल गेले त्यात एक तुझा. त्याच वर्षअखेरीस फेसबुकने फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीकच साइट फुकट दाखवणाऱ्या योजनेच्या, पानभर जाहिराती दिल्या तेव्हा मला वाटलं, गरिबाला फुकट मिळतंय तर मिळू दे की. तू मला जेवणाच्या ताटावर समजावलंस. म्हणालीस, "आई, रस्ता फुकट आहे, पण तो त्यांनी निवडलेल्या दुकानांनाच जातो." फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने तसल्या भेदभावाच्या दरांना बंदी केली आणि तू पेढे आणलेस. ती मुलगी मला अजून हवी आहे, मनू. नोकरी लागली म्हणून ती जायला नको होती.

आता जे सांगायचं राहिलंय ते. २०२० चा पावसाळा. तू घरून काम करत होतीस, आतल्या खोलीत, दार लावून. खालच्या मजल्यावर धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंची मुलगी आठवते? आठवीत होती. शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येत होता. तूच तिला आपल्या वायफायचा पासवर्ड दिलास आणि ती आपल्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर, वही मांडीवर घेऊन बसायला लागली. तिथेच रेंज बरी यायची. एक दिवस तुझी मीटिंग सारखी तुटत होती. तू वैतागून बाहेर आलीस, म्हणालीस, "असंच चाललं तर माझी नोकरी जाईल." तुझ्या कंपनीत माणसं कमी करत होते ते दिवस. तू परत आत गेलीस आणि मी पासवर्ड बदलला. तुला नवा कागदावर लिहून दिला, सांगितलं की राउटर रीसेट करावा लागला.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. त्याच पायरीवर बसली. फोन वर धरला, खाली केला, एक पायरी वर सरकली. मी दाराच्या फटीतून बघत होते. दार वाजवून काकू नेट येत नाही असं तिने म्हटलं असतं तर मी सांगितला असता नवा पासवर्ड, नक्की सांगितला असता. पण तिने विचारलं नाही. तिला वाटलं असणार, ज्यांनी दिलं त्यांनी काढून घेतलं, विचारायचं काय. तिसऱ्या दिवशीही आली, पाऊण तास बसली. त्यानंतर नाही.

तुझी नोकरी टिकली. मी वाईट बाई आहे असं मला वाटत नाही, तूही मला तसं म्हणू नकोस. आई म्हणून मी जे केलं ते कुणीही केलं असतं, आणि तीच माझी खरी अडचण आहे. त्या मुलीचा अभ्यास माझ्या मनावर अवलंबून होता. माझं मन चांगलं होतं तोवर तिला नेट मिळालं. वाचनालयात आजोबांना कुणाच्या मनावर अवलंबून राहावं लागलं नव्हतं.

ती ह्या जूनमध्ये दुकानात आली होती. बारावी झाली, नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. जिन्याचा विषय तिने काढला नाही, मलाही धीर झाला नाही. पैसे घेणार नव्हते, पण फॉर्मची प्रिंट घेऊन ती उठली तेव्हा पन्नासची नोट कीबोर्डखाली सरकवून गेली. तुझ्या इंजिनिअरिंगची फी अशाच पन्नास-पन्नासच्या नोटांतून भरली आहे. लोकांकडे नेट नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात आणि त्यावर आपलं घर चाललं. उद्या सगळ्यांना नेट मिळालं तरी दुकान लगेच बंद पडणार नाही, कारण नुसतं नेट असून फॉर्म भरता येत नाही. जिथे-तिथे अवघड भाषा, फोटो अमुक केबीचाच हवा, सर्व्हर बंद. मदतीला माणूस लागणारच. आणि पडलं बंद, तर पडू दे. वीस वर्षं झाली, माझे डोळेही थकलेत.

तोवर एक करायचं ठरवलं आहे आणि त्याला तू हवीस. पीएम-वाणी म्हणून योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली. लहान दुकानदाराला आपल्या दुकानातून लोकांना वायफाय देता येतं, परवाना लागत नाही, नोंदणीची फी नाही. एजन्सी कुठली घ्यायची, राउटर कुठला चालतो, हे मला कळत नाही. रेल्वे स्टेशनवर पहिला अर्धा तास मोफत असतो, तसा आपल्याला पहिला तास पैसे न घेता ठेवता येईल का, ते विचारून ठेव. आणि पहिल्यांदा जोडताना ओटीपी लागतो म्हणतात, सिम बंद असलेल्यांचं काय करायचं तेही बघ. आत बसायला दोन बाकं मी सुताराला सांगितली आहेत.

पुढच्या शनिवारी ये. सकाळच्या गाडीने आलीस तर द्वारका सर्कलला उतर, मी घ्यायला येते. येताना तो जुना लॅपटॉप आण, तुला लागत नसेल तर दुकानात ठेवू. पासवर्डचं वाचून राग आला असेल तर फोन करू नकोस, आल्यावर बोल.

तुझी
आई