शिसे वितळवणाऱ्यांना प्रोपोलिस पुरणार नाही

संपादक महोदय,

‘मधमाशीचे प्रोपोलिस घ्या, शिसे-कॅडमियमपासून यकृत वाचवा’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर फिरतात. प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांचा चीक गोळा करून पेटीतल्या फटी बुजवायला वापरतात तो डिंक. त्यात तथ्य अजिबात नाही, असे नव्हे. हे धातू यकृताच्या पेशींमधले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य संपवतात, पेशींचे आवरण खराब होते आणि रक्ततपासणीतली एसजीपीटी (यकृताच्या इजेची खूण) वाढते. प्रोपोलिसमधले क्रायसिन, गॅलँगिन हे घटक ही झीज कमी करतात, असे पांढऱ्या उंदरांवर दिसले आहे. मात्र अशा प्रयोगांत बहुधा धातू आणि प्रोपोलिस बरोबरच दिले जातात. जालना-लातूरकडे बॅटरीच्या जुन्या प्लेटा वर्षानुवर्षे वितळवणाऱ्या कामगाराची गोष्ट वेगळी.

मात्रेचा हिशेबही पाहा. प्रयोगातल्या मोठ्या पांढऱ्या उंदराला (रॅट) किलोमागे २०० मिलिग्रॅम दिले, तर माणसाला किलोमागे त्याच्या साधारण सहावा हिस्सा धरतात; म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे २ ग्रॅम लागतील. ३० टक्क्यांच्या अर्काच्या २० थेंबांत फार तर ०.३ ग्रॅम असते. दोन ग्रॅम गाठायचे तर ७० टक्के अल्कोहोलचा तो अर्क रोज सहा-सात मिली प्यावा लागेल, तेही यकृतासाठी!

दुसरे, हा माल मुळात स्वच्छ हवा. आपली देशी सातेरी माशी प्रोपोलिस गोळाच करत नाही. ते मिळते मेलिफेरा या परदेशी पाळीव माशीच्या पेटीतून. रंगवलेल्या फळ्या आणि खिळ्यांवरून पटाशीने खरवडले की रंगाचे कपचे, गंज आणि रंगात असेल तर शिसेसुद्धा त्यात येते. त्याऐवजी पेटीतल्या चौकटींवर खाद्य दर्जाची प्लॅस्टिक जाळी ठेवावी, माश्यांनी तिची भोके प्रोपोलिसने भरली की काही तास फ्रीझरमध्ये ठेवून पिळावी. कडक झालेले प्रोपोलिस तडतडून गळते. भंगाराच्या भट्टीजवळ पेट्या ठेवूच नयेत. मध आम्लधर्मी, म्हणून जस्ती डब्यात भरला की जस्त उतरते; काच किंवा स्टील वापरावे.

शिशाच्या कामात असलेल्यांनी एसजीपीटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तातल्या शिशाची तपासणी वेगळी असते, ती मागून घ्यावी. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. संपर्क थांबला की रक्तातले शिसे महिन्याभरात साधारण निम्मे होते (जुन्या कामगारांत त्याहून हळू), हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते. प्रमाण जास्त निघाले तर शिसे बाहेर काढणारी औषधे डॉक्टरांकडे आहेत.

– एक मधपालक, धाराशिव